मातीचे ऋण आणि वारकऱ्याचे कर्तव्य



आपल्या संप्रदायात शेतकरी संतांची उणीव नाही. परंतु शेतालाच पंढरी मानणारे म्हणून सावतोबांचे नाव पहिले घ्यावे लागते. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव. शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली, तेथेच त्यांनी देह ठेवला. परंपरा सांगते की, सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. देवच मळ्यात आला. आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीस जाते. या कथेतला भक्तिरस आपण पुष्कळ कीर्तनांतून सेविला आहे. आज त्याच कथेतला एक साधा, प्रपंचातला प्रश्न हाती घेऊ. त्या मळ्याला खत कोठून मिळत होते? बी कोणाच्या घरचे होते?

उत्तर अवघड नाही. त्या काळी खताचे दुकान नव्हते आणि बियाण्याची पिशवी नव्हती. खत गोठ्यातले, बी कणगीतले आणि कष्ट घरातल्या माणसांचे. आज ज्याला 'सेंद्रिय शेती' असे नाव देऊन मोठमोठ्या शहरांत चढ्या भावाने माल विकला जातो, ती आपल्या पणजोबांची नुसती 'शेती' होती. तिला विशेषण लागत नव्हते. मग ते विशेषण लागण्याची वेळ का आली, हा खरा इतिहासाचा विषय आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली काही लहान कुटुंबे ती वाट पुन्हा चालू लागली आहेत. ती कोणत्या ओझ्याखाली चालत आहेत, हे आपण वारकऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण त्यांच्या चालण्यात आपलाही वाटा आहे.

प्रथम भूमी पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे आम्ही म्हणतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मधून पूर्णामाई वाहते आणि उत्तरेस सातपुडा उभा आहे. घाटाखाली काळी, खोल, कापसाची जमीन. घाटावर कोठे काळी तर कोठे बरड. पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा आहे, तेथे विहिरीचे पाणी खारट. म्हणजे विहीर असूनही शेत कोरडवाहूच. येथला शेतकरी पहिल्यापासून मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणारा.

अशा भूमीत जुन्या माणसांनी जी शेती बसविली होती तिला एक साखळी होती. ती नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सारा इतिहास त्या साखळीच्या कड्या तुटण्याचा आहे. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाई. कणीस माणसाला, कडबा बैलाला. बैल वखर, तिफण, डवरा ओढी आणि शेण देई. शेण, काडीकचरा, गव्हाणीतले उष्टे वैरण, चुलीची राख हे सारे उकिरड्यात जाई आणि उन्हाळ्यात कुजके खत होऊन गाडीने वावरात पडे. त्याच खतावर पुन्हा ज्वारी. दुसऱ्या वर्षी त्या जागी कपाशी. कपाशीच्या आठ-दहा ओळींनंतर एक ओळ तुरीची. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणीत आणि तिचा पाला गळून मातीत मिसळे. मूग-उडीद जमीन झाकीत. धनगरांची मेंढरे रात्री शेतात बसवीत, त्याबद्दल धान्य देत. घरातली आजी चांगली कणसे निवडून राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात बी राखून ठेवी. कडबा, बैल, शेण, माती, पुन्हा कडबा. बाजार या साखळीच्या बाहेर होता.

हे सारे सुवर्णयुग होते, असे मात्र म्हणू नये. कीर्तनात जसे प्रमाणाशिवाय बोलू नये तसे इतिहासातही. पाऊस चुकला की हीच शेती माणसाला उपाशी ठेवी. तुकोबारायांच्या घरी दुष्काळाने काय केले हे आपण जाणतो. आणि गावगाड्यात सारेच सुखी नव्हते. परंपरा चोखोबारायांचे जन्मगाव म्हणून ज्या मेहुणाराजाचे नाव घेते, ते आमच्याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. मेलेली जनावरे ओढून ज्या हातांनी गाव राखले, त्या हातांना गावाने शिवू दिले नाही. जुन्या शेतीचा गौरव करताना हे झाकून ठेवले तर चोखोबांपुढे मान वर करता येणार नाही. जुन्यातले घ्यायचे ते मातीचे ज्ञान. अन्याय घ्यायचा नाही.

आता साखळी कशी तुटली ते पाहू. इ. स. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यांचा डोळा येथल्या कापसावर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव अशा गावांवरून नागपूरपर्यंत पोहोचली. खामगावच्या कापूसपेठेसाठी १८७० साली जलंबपासून रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. खामगाव ही हिंदुस्थानातल्या मोठ्या कापूसपेठांपैकी एक झाली. वैभव आले, पण ते कोणाकडे आले, हे पाहावे लागते. सारा रोख द्यायचा, म्हणून पीकही रोखीचे हवे. गायरानाच्या जमिनी नांगराखाली गेल्या, जंगले राखीव झाली, चराई आकसली. ज्वारीच्या वावरात कपाशी शिरली. भाव पडला की सावकाराकडे जायचे आणि जमीन गहाण टाकायची, ही रीत त्याच काळात वऱ्हाडात घट्ट झाली.

शेगावनिवासी गजानन महाराजांचा काळ नेमका हाच. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते शेगावी प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. दासगणू महाराजांनी १९३९ साली लिहिलेला 'श्रीगजाननविजय' ग्रंथ आपल्यापैकी कित्येकांच्या नित्यपाठात आहे. भक्तीने वाचताच, एकदा शेतकऱ्याच्या डोळ्यांनीही वाचून पाहा. अकोलीच्या भास्कर पाटलाची कोरडी विहीर, बंकटलालाच्या मळ्यातली मक्याची कणसे, पाटील मंडळींचे मळे आणि गोठे. त्या ग्रंथातले जग शेतकऱ्यांचे आहे. कोरड्या विहिरीला पाणी लागले हा महाराजांचा प्रभाव. पण पाणी लागताच भास्कर शेतीला न लागता महाराजांच्या पायी लागला, हेही तेथेच आहे. महाराज देहात असतानाच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला. त्या वर्षी धान्याबरोबर चाराही गेला. माणसे कामावर खडी फोडायला गेली आणि दावणीची जनावरे वैरणीवाचून मेली. ज्या घरची बैलजोडी गेली त्या घरचा नांगर गेला, आणि खतही गेले. साखळीची पहिली कडी तेव्हा तुटली.

या अंधारात एक उजेड आपल्याच बाजूने लागला होता, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात ते होळकरांच्या इंदुरास कापसावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. ते आले होते शेतकऱ्याला शिकवायला; परंतु हिंदी शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले गुरू, असे ते पुढे सांगू लागले. येथल्या शेतकऱ्याची रीत आणि चीनमधली खताची रीत पाहून त्यांनी शेण, काडीकचरा, माती व राख थर देऊन कुजविण्याची शिस्तशीर पद्धत बसविली. जगात ती 'इंदूर पद्धत' या नावाने गाजली. १९३१ साली त्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यावर हॉवर्ड यांच्या शेजारी यशवंत वाड या सहकाऱ्याचे नाव आहे. पुढे १९४० साली हॉवर्ड यांचा दुसरा ग्रंथ आला आणि विलायतेत, अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. म्हणजे पाहा, माळव्याच्या आणि आपल्या उकिरड्यातले ज्ञान समुद्रापार गेले, तेथे त्याला नवे नाव मिळाले, आणि पुढे तेच आपल्याकडे परदेशी विद्या म्हणून परत आले.

आपल्या विदर्भातही या विद्येचा एक थोर उपासक होऊन गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'नाडेपकाका' म्हणत, आणि त्यांची पद्धत 'नाडेप' म्हणूनच देशभर गेली. गांधीविचाराने वाढलेला हा माणूस. विटांचे एक टाके बांधायचे, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवायची. त्यात सुमारे चौदा-पंधराशे किलो पालापाचोळा, साडेसतराशे किलो कोरडी माती, आणि शेण किती? अवघे नव्वद-शंभर किलो. थरावर थर, पाणी शिंपडायचे, वरून लिंपायचे. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार. शंभर किलो शेण म्हणजे एका बैलजोडीचे पाच-सहा दिवसांचे. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा नाडेपकाकांचा मंत्र. ज्याच्याकडे दोनच जनावरे उरली त्या लहान शेतकऱ्यासाठी तो होता. पांढरीपांडे हे आडनावच पंढरीची आठवण देणारे. आणि त्यांचे कामही मला वारीसारखेच वाटते. गाजावाजा नाही, पावलापुढे पाऊल.

परंतु काळाचा ओघ उलट दिशेला होता. १९६४ साली देशात पहिली संकरित ज्वारी आली. आपल्या लोकांनी तिला नुसते 'हायब्रीड' म्हटले. दुष्काळात तिने पोटे भरली, हे उपकार नाकारू नयेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. पण तिचे ताट बुटके, कडबा थोडा. ती लवकर पक्व होई, पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. भाव मिळेना. मग ज्वारी कमी झाली आणि पुढच्या काळात तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनने रोख पैसा दिला, पण त्याच्या कुटाराला कडब्याची सर नाही. वैरण विकत घ्यावी लागली, म्हणून बैल विकले. बैल गेले म्हणून शेण गेले. शेण गेले म्हणून पोत्यातले खत आले. पोत्यातले खत आले म्हणून कर्ज आले. कोणी एकाने कपटाने ही साखळी तोडली नाही. प्रत्येक पायरीला प्रत्येकाचे म्हणणे रास्तच होते. आणि तरीही शेवटी शेतकरी रिकाम्या गोठ्यात उभा राहिला.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते. घरचे राखून पेरले तर दुसऱ्या पिढीत गुण टिकत नाहीत. आजीच्या राखेतली कणगी तेव्हा खरी रिकामी झाली. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीपासून सुटका मिळाली. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याआधी २००६ साली, शेतकरी आत्महत्यांमुळे, केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि सहावा आपला बुलढाणा. वाचकहो, हे आकडे म्हणून वाचू नका. ज्या घरून माणूस गेला त्या घरीही तुळशीवृंदावन होते, आणि कित्येकांच्या गळ्यात आपल्यासारखीच माळ होती.

या पार्श्वभूमीवर पुन्हा जुन्या वाटेकडे वळलेली माणसे पाहिली पाहिजेत. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोरा गावचे सुभाष पाळेकर यांनी शून्य खर्चाच्या नैसर्गिक शेतीचा विचार गावोगाव नेला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जमवून त्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या त्या माउलीने आजीची राखेतली कणगी पुन्हा भरली. सरकारनेही पावले उचलली. २०१५ पासून परंपरागत कृषी विकास योजनेत शेतकऱ्यांचे गट बांधले जाऊ लागले, आणि २०१८ साली आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू झाले. त्या सहांत बुलढाणा आहेच.

आता अशा एखाद्या घरी काय चालते ते मनाने पाहा. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी धारणा सुमारे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तेवढ्यात एक गाय, जमल्यास एक बैलजोडी. दारात मोठा ड्रम. त्यात दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ढवळत ठेवले की एकराला पुरणारे जीवामृत होते. किडीसाठी निंबोळी. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात फवारायची. निंबोळ्या वेचायच्या उन्हाळ्याच्या शेवटी, आणि तेच दिवस पेरणीच्या तयारीचे. निंदण हाताने. घरातली सून, सासू, शाळेतून आलेली मुले, सारे वावरात. म्हणून ही शेती लहान कुटुंबालाच साधते. ती पैशाने होत नाही, लक्षाने होते. आणि लक्ष मजुरीने विकत मिळत नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द. जीवामृत शिंपडले की जमीन आपोआप पिकते, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. जीवामृत हे विरजण आहे. विरजणाला दूध लागते. जमिनीत धसकटे, पालापाचोळा, शेणखत हे दूध नसेल, तर नुसत्या विरजणाचे दही लागत नाही. ज्या घरांनी पऱ्हाटी जाळणे सोडून ती बारीक करून जमिनीतच कुजवली, धुऱ्यावर झाडे राखली, तुरीची ओळ पुन्हा आणली, त्यांची माती काही वर्षांनी भुसभुशीत झाली. पण ती काही वर्षेच कठीण असतात. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटते. प्रमाणपत्र मिळायलाही तितकाच काळ लागतो, म्हणून त्या काळात चढा भाव नाही. शेजारी हसतो, मुलगा पुण्याला जातो म्हणतो, सोसायटीचा हप्ता थांबत नाही. हाच तो चढाचा घाट. बरेच जण येथूनच मागे फिरतात.

घाई करणेही धोक्याचे. २०२१ साली श्रीलंकेच्या सरकारने एका फर्मानाने रासायनिक खतांची आयात बंद केली. शेतकऱ्यांपाशी ना पुरेसे शेणखत, ना शिक्षण. भाताचे आणि चहाचे पीक खाली आले, आणि काही महिन्यांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. उलट आपल्याच देशातल्या सिक्कीम राज्याने २००३ साली संकल्प केला आणि २०१६ च्या जानेवारीत ते पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. मध्ये एक तप गेले. साधनेला तप लागते हे आपण वारकऱ्यांना कोणी सांगायला नको. एका एकादशीने कोणी तुकोबा होत नाही, आणि एका हंगामाने जमीन सुधारत नाही.

आता मुख्य गोष्ट. आज ज्वारी पेरणाऱ्या एकट्या शेतकऱ्याचे दुःख काय असते? साऱ्या शिवारात सोयाबीन आणि कपाशी असताना त्याच्या एकट्याच्या दोन एकरांत ज्वारी उभी राहिली, की पंचक्रोशीतली पाखरे तेथेच उतरतात. रात्री रोही आणि रानडुकरे येतात. पूर्वीही पाखरे होतीच. पण साऱ्या गावाची ज्वारी असे, पाखरे प्रत्येक वावरात थोडी थोडी खात, आणि कोणाचेच घर बुडत नसे. एकट्याचे सारे पीक पाखरांना जाते. गावाच्या पिकात पाखरांचाही वाटा निघून घर भरते. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे. जुनी शेती टिकली ती खताच्या कृतीवर नव्हे, तर सोबतीवर. कडबा एकाचा, बैल दुसऱ्याचा, मेंढरे तिसऱ्याची, बी चौथ्याच्या घरचे. ती सोबत तुटली म्हणून ती शेती तुटली. आणि आज जे तिच्याकडे परतले ते सोबतीवाचून एकटे चालत आहेत.

सोबतीने चालणे म्हणजेच दिंडी. आणि दिंडी कोणाकडे आहे? आपल्याकडे. बुलढाणा जिल्ह्यात क्वचितच एखादे गाव असेल जेथे भजनी मंडळ नाही, हरिनाम सप्ताह नाही. मग हिशेब मांडून पाहू. एका सप्ताहात रोज दोन वेळा पाचशे माणसांची पंगत बसते असे धरा. माणशी एका वेळेस दोनशे ग्रॅम धान्य लागले तर एका पंगतीला शंभर किलो, सात दिवसांच्या चौदा पंगतींना चौदा क्विंटल. चौदा क्विंटल धान्य म्हणजे एका-दोन लहान कुटुंबांची कोरडवाहू ज्वारी. मंडळाने पेरणीपूर्वीच त्या घरी जाऊन सांगितले, "माउली, तुमची ज्वारी सप्ताहाची, भाव आज ठरवू, आणि थोडे आगाऊही देऊ," तर त्या घरचा चढाचा घाट निम्मा सरेल. चार घरांनी एकाच शिवारात ज्वारी पेरली तर पाखरांचा प्रश्नही हलका होईल. कडबा गावात राहील, आणि कडब्यामागे बैलही येईल. तुटलेली साखळी जेथे तुटली तेथूनच जोडायला हवी, आणि ती ज्वारीपाशी तुटली आहे.

कोणी म्हणेल, अन्नदानाला स्वस्त धान्य घेतले तर जास्त माणसे जेवतात. म्हणणे वरवर रास्त आहे. पण दानाची शुद्धी आपल्या शास्त्राने द्रव्याच्या शुद्धीवरून पाहिली आहे. ज्या शेतकऱ्याला भाव मिळाला नाही त्याच्या घामाची किंमत कापून वाढलेली पंगत मोठी असेल, शुद्ध असेलच असे नाही. तैत्तिरीय उपनिषदाने आत्म्यापर्यंत जाताना पहिला कोश अन्नमय सांगितला. पायाचा दगडच तो.

दुसरे, बियाणे. घरचे बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे-घेणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे; कंपनीचे नाव लावून मात्र ते विकता येत नाही. तेव्हा कार्तिकीला, सप्ताहाच्या काल्याला, घरोघरच्या गावरान बियांच्या पुरचुंड्या मंदिरात ठेवाव्यात. ज्याला हवे त्याने न्यावे, पुढच्या वर्षी दुप्पट आणून ठेवावे. काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते आणि कोणाची कोणती ते उरत नाही. बियाण्याचाही काला व्हावा.

तिसरे, साक्ष. सेंद्रिय मालाच्या 'सहभाग हमी' पद्धतीत गटातले शेतकरी एकमेकांच्या वावराची पाहणी करून साक्ष देतात. येथे खोटे बोलण्याचा मोह मोठा असतो, आणि एकाच्या खोटेपणाने साऱ्या गटाचे नाव जाते. गळ्यात माळ असलेला माणूस तेथे उभा राहिला, तर त्याच्या शब्दाला वजन असले पाहिजे. असे वजन नसेल तर ती माळ नुसते लाकूड आहे. आणि चौथे, मजुरी. निंदणाला बायाबापड्या लागतात. त्यांना योग्य मजुरी आणि वेळेवर मजुरी. चोखोबांच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको.

शेवटी ऋणाचा विचार. परंपरा सांगते, तुकोबारायांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखते वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. आपण त्या कथेला टाळ्या देतो. पण कर्जखते बुडविणे म्हणजे ज्याच्यावर कर्ज होते त्याला पुन्हा उभे राहू देणे. आज तुमच्या-माझ्या हाती कोणाचे कर्जखत नाही. तरीही एक कर्ज आपल्या प्रत्येकावर आहे. दीडशे वर्षे आपण या मातीतून काढीत गेलो, परत फार थोडे दिले. ते कर्ज इंद्रायणीत बुडवता येत नाही. ते शेणाच्या पाटीने, कडब्याच्या पेंढीने, तुरीच्या पाल्यानेच फेडावे लागते. काही लहान घरे आपल्या सगळ्यांच्या वतीने ते फेडू लागली आहेत.

शेगावहून महाराजांची पालखी निघते तेव्हा पुष्कळदा मृग अजून लागायचा असतो. वऱ्हाडातला वारकरी पेरणी घरच्यांवर सोपवून चालू लागतो. म्हणून म्हणतो, तुमची वारी घडते ती मागे वावरात राहिलेल्या भावाच्या, सुनेच्या, सालदाराच्या जिवावर. यंदा परतीच्या वाटेवर खामगावात पोहोचलात, की गावी जाऊन पहिली चौकशी करा: आपल्या गावात विषाविना पिकवणारे घर कोणते? ते सापडले की त्या दारी जा, पुढच्या सप्ताहाच्या ज्वारीचे बोलणे करा, आणि जमल्यास थोडे आगाऊ देऊन या. सावतोबांच्या मळ्यात देव गेला होता. आपण निदान भक्तांनी तरी जावे.

रामकृष्णहरी.